आधी तानपुरा, मग ट्यूनर

ट्रंपेट शिकवणाऱ्यांनी चेन्नईतला एक जुना धडा पुन्हा उघडावा, अशी आमची विनंती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मणलीला राहणारे तरुण मुत्तुस्वामी दीक्षितर फोर्ट सेंट जॉर्जमध्ये गोऱ्यांचा बँड ऐकत, असे परंपरा सांगते. त्या चालींवर त्यांनी सुमारे 40 नोट्टुस्वरे बांधली. राग शंकराभरण, म्हणजे आपला बिलावल थाट. ‘गॉड सेव्ह द किंग’ची चालही त्यांत आहे. तिकडे तंजावरला आपल्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) पाश्चात्त्य बँड पदरी ठेवला होता. तेव्हा हे वाद्य परके म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही.

पहिल्या वर्षी ही नोट्टुस्वरे द्यावीत. गमकांचे ओझे नाही, चाली सरळ. ओठ आणि दम कसायला उत्तम. सोबत तानपुरा मात्र हवाच, काळी पाचला लावलेला. बी फ्लॅट ट्रंपेटचा मोकळा सा तोच. सा लागला की मध्य रे घ्या. पहिला आणि तिसरा वॉल्व्ह एकत्र दाबला की हा रे चढतो, कारण प्रत्येक वॉल्व्हची जादा नळी एकट्याने वापरण्याच्या हिशेबाने कापलेली असते. जोडीने दाबल्यावर एकूण लांबी अपुरी पडते. तिसऱ्या स्लाइडची रिंग बोटाने जराशी पुढे सरकवली की रे जागेवर बसतो. शिकाऊ मुलांच्या कितीतरी वाद्यांत ही स्लाइड जाम झालेली आढळते! ग्रेड परीक्षेत पियानोच्या साथीत चढा रे खपून जाईल, तानपुऱ्यावर तो टोचतो.

तार गंधाराचे उलटे आहे. तो मोकळाच वाजतो आणि ट्यूनर त्याला सुमारे 14 सेंट उतरलेला दाखवतो. लगेच आपण मुलांना ओठ आवळायला सांगतो. पण तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार तोच आहे! पियानोबरोबर तो चढवून घ्यावा लागेल, हे मान्य. आधी कान तर तयार होऊ द्या. चेन्नईच्या मे महिन्यात वाद्य तापून सगळेच स्वर चढतात. तेव्हा मुख्य स्लाइड किती ओढायची, हेही कानच सांगतो.

गमकांचे काम पुढचे. तिथे ट्रॉम्बोनला स्लाइडमुळे मींड सहज मिळते. ट्रंपेटवाल्याला अर्धा दाबलेला वॉल्व्ह आणि ओठ यांवरच भागवावे लागते. या अंगाने कुणी पाठ बसवले असतील, तर वॉल्व्हच्या खुणांसह लिहून पाठवावेत. पुढील अंकात त्यासाठी पाने राखली आहेत.