रडणारं लेकरू हट्टी नसतं



जून २०२२ मध्ये पहिलीत बसलेलं लेकरू टाळेबंदी लागली तेव्हा, मार्च २०२० मध्ये, जेमतेम चार वर्षांचं होतं. अंगणवाडीत रमायच्या वयात अंगणवाडी बंद झाली. दोन वर्षं आई, घर आणि गल्ली एवढंच त्याचं जग. ‘लांब राहा, कुणाला शिवू नको’ हेच आपण त्याला शिकवलं. मग एकदम तीस-चाळीस अनोळखी पोरांत नेऊन बसवल्यावर ते रडणारच.

सकाळी पोट दुखतं, उलटी होते, अंथरूण ओलं होतं. शाळेची वेळ टळली की खेळायला लागतं. हे सोंग नाही. भीतीने पोटात खरोखर कळ येते. ताप, जुलाब असतील किंवा वजन घटत असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा. पण ‘बाहेरचं झालं’ म्हणून अंगारा-धुपारा करू नका. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घराला ते शोभत नाही.

‘रडलास तर नर्सबाई सुई टोचेल, मास्तर मारतील’ असा धाकही नको. ज्यांच्याकडे मदतीला जायचं, त्यांचीच भीती बसते.

शाळा उघडण्याआधी वर्ग, नळ, संडास दाखवून आणा. गल्लीतल्या मोठ्या मुलीची सोबत द्या. गुपचूप निघून येऊ नका. ‘खिचडी खाऊन सुट्टी झाली की येते’ सांगा आणि त्या वेळेला हजर राहा. रडतं म्हणून आठ दिवस घरी ठेवलं तर भीती वाढते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना लेकरू आजीजवळ ठेवणार असाल, तर तेही त्याला आधीच खरं सांगा.

तीन-चार आठवड्यांनीही भीती जात नसेल, तर दोष लेकरात शोधू नका. त्याला विचारा: कुठे बसवतात? पाणी कसं मिळतं? काय म्हणून हाक मारतात? ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तिथे त्यांना गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, नळाला हात लावता येत नव्हता. आज कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तक्रार तोंडी नको, लेखी द्या. मुख्याध्यापकांना, शाळा व्यवस्थापन समितीला, गरज पडली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडच्या आपल्या महिला मंडळांना एक सूचना. रोज संध्याकाळी तासभर विहार लहानग्यांसाठी उघडा. गाणी, गोष्टी, खेळ. आई बाहेर, लेकरू आत. आईविना बसायची सवय ओळखीच्या जागी लागली, तर शाळेचा उंबरठा सोपा होतो. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा संदेश लेकरापर्यंत धाकाने नव्हे, धीराने पोहोचवू या.

जयभीम!