पोर जर्मनीला जाऊन दिवसभर करते काय?

आर्वी तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. मुलगी शहरात कॉलेजात जर्मन भाषा शिकते. तिच्या वर्गाला चार आठवडे जर्मनीत अभ्यासाला नेणार आहेत. खर्चाचा आकडा ऐकून तिचे वडील म्हणतात, "भाषा शिकायला एवढ्या दूर कशाला? अन् दिवसभर तिथे करणार काय?" प्रश्न रास्त आहे. कापूस विकून आलेला पैसा कशावर खर्ची पडतो, हे घरच्यांना कळलेच पाहिजे. तेव्हा तिथल्या एका दिवसाचा हिशेब मांडू या.

उन्हाळ्यात आपल्याकडे साडेदहा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे सात झालेले असतात. अशा सहलीतली मुले पुष्कळदा पैसे भरून एखाद्या जर्मन कुटुंबात राहतात. नाश्त्याला पाव, लोणी, मुरंबा. तिथला काळसर पाव राय नावाच्या धान्याचा, आपली राई-मोहरी नव्हे बरे का, आणि चवीला आंबूस. पहिले दोन दिवस घशाखाली उतरत नाही.

मग वर्ग. पहिल्या दिवशी चाचणी होते आणि तिच्यावरून तुकडी ठरते. भाषेच्या पायऱ्या सहा, ए-१ पासून सी-२ पर्यंत. पंचेचाळीस मिनिटांचा एक असे चार-पाच तास सकाळीच होतात. बाकावर शेजारी तुर्कस्तानचा मुलगा, पलीकडे ब्राझीलची मुलगी. यांना मराठी येत नाही, इंग्रजीही बेताचीच. मग आपसांत बोलायला जर्मनच उरते.

इथे आपल्या पोरांना एक फायदा आहे, तो त्यांना कोणी सांगत नाही. इंग्रजी शिकताना जे सोडावे लागले, ते जर्मनमध्ये परत भेटते. आपल्यासारखीच तिथे तीन लिंगे. आपण तो आंबा, ती चिंच, ते केळे म्हणतो, तसे ते डेअर, डी, दास लावतात. सूर्य मात्र तिथे बाई आहे आणि चंद्र बुवा! मुलगी या शब्दाला 'ते' लावतात म्हणून परदेशी विद्यार्थी हसतात. आपण कशाला हसावे? आपणही 'ते पोरगं', 'ते लेकरू' म्हणतोच की. एकवीस म्हणताना इंग्रज आधी वीस म्हणतो. जर्मन माणूस आपल्यासारखा आधी एक म्हणतो, मग वीस. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेदही आहे. दुकानदाराला पहिल्याच भेटीत 'तू' म्हटले तर त्याच्या कपाळाला आठी पडते.

फसगत होते ती घड्याळात. जर्मन 'हाल्ब नॉइन' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'अर्धे नऊ'. ते साडेनऊ नव्हेत, साडेआठ! नववा तास अर्धा झाला, असा त्यांचा हिशेब. हे कळले नाही तर पोर तासभर उशिरा पोचते, आणि उशीर तिथे कोणी मनावर घेत नाही असे नाही.

खरी शाळा भरते ती दुपारी. बसचे तिकीट काढायचे, बेकरीत पाव मागायचा, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकून अनामतीचे पंचवीस सेंट परत घ्यायचे. रविवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शनिवारीच सामान आणायचे. संध्याकाळी बऱ्याच घरी चूल पेटत नाही. पाव, चीज, काकडी, टोमॅटो असे थंड जेवण असते. पण त्या टेबलावर तासभर गप्पा चालतात. घरच्या आजीबाई भरभर बोलतात, अर्धे कळत नाही, पुन्हा विचारावे लागते. हा तास वर्गातल्या दोन तासांहून मोलाचा.

आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे रात्रीचे दहा वाजत आलेले असतात, म्हणून आई फोन लावते! ताई, काळजी समजते. पण रोज तासभर मराठीतच बोलायचे असेल तर पोर आर्वीतच बरी होती. बरोबरची मुलेही एका खोलीत जमून आपल्याच भाषेत गप्पा मारत बसतात. पैसा वाया जातो तो इथे.

एवढी भाषा कशाला हवी, याचे उत्तर महर्षी कर्व्यांच्या घरातच आहे. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या. सासऱ्यांचा विरोध होता, पण पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले आणि पाठीशी उभे. तिथले प्राध्यापक ऑयगेन फिशर पुढे नाझी राजवटीचे पाठीराखे झाले. गोऱ्या लोकांच्या कवटीच्या ठेवणीतच त्यांचे श्रेष्ठत्व दिसेल, असा त्यांचा होरा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. तसा फरक निघाला नाही. तो निघाला नाही, हे त्यांनी जर्मन भाषेतल्या प्रबंधात लिहिले आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. गुरूला त्याच्याच भाषेत 'नाही' म्हणण्याइतकी भाषा!

आपल्या पोरांनाही तेवढी लागणार आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून गावोगावी जर्मनीची चर्चा आहे. पण नर्सच्या कामाला साधारण बी-२ ची पायरी लागते, आणि ती चार आठवड्यांत कोणी चढत नाही. तसे सांगणारा दलाल भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. नोकरीचा कागद जर्मनमध्ये असतो. वाचता आला नाही तर सही कशावर केली हेही कळायचे नाही.

तेव्हा पाठवायचे असेल तर ए-२ ची पायरी इथेच पुरी करू द्या. पाव कसा मागायचा हे शिकायला तिथले दिवस खर्चू नयेत. नेणाऱ्यांना आधी विचारा: मुले कुटुंबात राहणार की वसतिगृहात? वर्गात इतर देशांची मुले असणार की सगळी आपलीच?

बरोबर तूप देऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून तिकडे नेऊ देत नाहीत. शेंगदाण्याची चटणी द्या. पण शेंगदाणा काहींना बाधतो, म्हणून टेबलावर ठेवण्याआधी तिने यजमानीणबाईंना त्यात काय आहे ते सांगावे. शब्द सोपा आहे, 'एर्डनुस'. एर्ड म्हणजे भुई. आपल्या भुईमुगातली.