सेबा कामावर का आला नाही?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा इजिप्तवरचं पुस्तक परत करायला आला. रंगीत चित्रांचं, गुळगुळीत कागदाचं, मुलं ज्याच्यावर तुटून पडतात असं पुस्तक. आवडलं का विचारलं, तर म्हणाला, "काकू, यात सगळे मेलेलेच आहेत. जिवंत माणसं काय करायची तिथं?"

मिरजेत माझ्या घराच्या सोप्यात मी मुलांचं वाचनालय चालवते, त्याला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला विचारला गेलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. मी पुस्तक चाळून पाहिलं. ममी, सोन्याचा मुखवटा, शवपेटी, शाप, परत ममी. नाईलच्या काठी हजारो वर्षं माणसं जन्मली, राबली, भांडली, लग्नं केली, आणि आपण मुलांच्या हाती ठेवलं ते नुसतं त्यांचं मरण.

उत्तर म्हणून मी एका दगडाचा फोटो छापून आणला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीचा एक चपटा तुकडा आहे, पाटीपेक्षा जरासा मोठा. तो हजेरीपट आहे. रामेसेस दुसरा याच्या कारकिर्दीचं ४०वं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी १२५०च्या आसपासचा काळ. राजांच्या खोऱ्यात थडगी कोरणाऱ्या चाळीसेक कारागिरांची नावं उजव्या कडेला एकाखाली एक लिहिली आहेत. पुढे काळ्या शाईत गैरहजेरीच्या तारखा, आणि तारखेच्या डोक्यावर लाल शाईत कारण.

सेबाला विंचू चावला. हुइनेफरचे डोळे दुखतायत, तेही पुन्हा पुन्हा. पेननुबची आई आजारी आहे. कुणी बिअर बनवायला घरी राहिलाय, कुणी मेलेल्या नातलगाला कापडात गुंडाळायला. घरातल्या बाईची पाळी आली, हेही कारण नोंदलेलं आहे. पाहेरीपेजेत नावाचा एक जण दुसऱ्यांची औषधं करत फिरतो म्हणून गैरहजर, आणि एकदा तर ते औषध खुद्द लेखनिकाच्या बायकोसाठी. मी वाचत गेले आणि सोप्यातली पोरं हळूहळू जवळ सरकत आली. "सेबा वाचला का?" हे तिघांनी एकदमच विचारलं.

कादंबरी इथून सुरू होते. मराठीत कुमारांसाठी प्राचीन इजिप्तवर कादंबऱ्या लिहिल्या जाव्यात, आणि त्या राजवाड्यातून नव्हे तर या कारागिरांच्या गावातून लिहिल्या जाव्यात, हे मला मनापासून सांगायचंय.

गावाचं आजचं नाव दैर अल-मदीना. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, डोंगराच्या खोबणीत. भरभराटीच्या काळात तटाच्या आत सत्तरेक घरं, एकाला एक चिकटलेली. गावाला पाणी नाही, ते गाढवांवरून वाहून आणायचं. जवळच सुमारे ५० मीटर खोल एक प्रचंड खड्डा आहे. पाणी लागेल या आशेनं तो खणला असावा असं मानतात. पाणी लागलं नाही, आणि तो कचऱ्यानं भरत गेला. बर्नार्ड ब्रुयेर या फ्रेंच संशोधकानं १९२२ ते १९५१ या काळात हे गाव उकरलं, तेव्हा त्या खड्ड्यातून लिहिलेल्या खापऱ्या आणि दगडाचे तुकडे हजारोंनी निघाले. उधारीच्या नोंदी, पत्रं, भांडणं, धोब्याला दिलेल्या कपड्यांच्या याद्या, पोरांनी गिरवलेले धडे. पाणी न लागलेल्या विहिरीतून अख्ख्या गावाचं बोलणं वर आलं. आमच्याकडे जतच्या बाजूला कोरड्या पडलेल्या बोअरी पाहत वाढलेल्या मुलाला यातलं दुःख आणि नवल दोन्ही सांगावं लागत नाही.

आता खपलीचं सांगते. या कारागिरांना पगार धान्यात मिळायचा. साध्या कारागिराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार जव. खार या शब्दाचा अर्थच पोतं. इंग्रजी पुस्तकांत त्या गव्हाचं नाव 'एमर' असतं, आणि भाषांतर करणारे 'गव्हाचा एक प्राचीन प्रकार' असं लिहून पुढे जातात. अहो, ती आपली खपली! सांगली-कोल्हापूरकडे जिची गूळ घालून खीर होते, तीच. टरफल दाण्याला इतकं घट्ट धरून असतं की कांडल्याशिवाय सुटत नाही. दैर अल-मदीनाच्या घरांत मागच्या बाजूला स्वयंपाकाची जागा, आणि तिथं जमिनीत बसवलेलं दगडी उखळ. मी गावाकडून सालासकट खपली मागवली आणि मुलांच्या ओंजळीत ओतली. एका मुलीनं दाणा दातांनी सोलायचा प्रयत्न केला, मग तळहातावर चोळला, नाही सुटला. म्हणाली, "म्हणजे रोज सकाळी गावभर धपधप आवाज येत असणार." या एका वाक्यात सेबाचं गाव जागं झालं. धान्यावर काम करणं म्हणजे काय, हे बलुत्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या मुलाला पटकन उमगतं. पोती वेळेवर आली नाहीत म्हणजे काय, हेही.

आणि ती आली नाहीत. रामेसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी, इसवी सनापूर्वी ११५७च्या सुमाराला, धान्य थकलं तेव्हा या माणसांनी छिन्न्या खाली ठेवल्या, चौक्या ओलांडल्या आणि राजांच्या स्मारकमंदिरांपाशी जाऊन बसून राहिले. अमेननाख्त नावाच्या लेखनिकानं सगळं टिपून ठेवलं. तो पपायरस आज इटलीत तुरीनला आहे. लेखी पुरावा असलेला जगातला पहिला संप म्हणून ही घटना ओळखली जाते. त्या रात्री एखाद्या घरात दहा वर्षांच्या मुलीनं रिकाम्या उखळाकडे बघत काय विचार केला असेल? हे इतिहासकार लिहू शकत नाही. ते कादंबरीकाराचं काम.

मला नेहमी विचारतात, आपला इतिहास काय कमी आहे म्हणून मुलांना इजिप्त? कमी मुळीच नाही. माझ्याकडे शिवकाळावरच्या पुस्तकांचं एक अख्खं कपाट आहे आणि त्यातली कैक पानं मुलांच्या हातांनी मऊ पडली आहेत. पण त्या गोष्टी वाचताना मूल कुणाच्या बाजूचं हे आधीच ठरलेलं असतं. नायक आपला, खलनायक त्यांचा. अभिमान लागतोच, मी तो नाकारत नाही. मात्र इतिहास वाचायला शिकण्यासाठी एक अशी जागाही हवी, जिथं मूल कुणाचं वारस नाही आणि कुणाचं वैरीही नाही. संप करणारे बरोबर की धान्य थकवणारा अधिकारीही अडचणीत होता, हे तिथं त्याला मोकळेपणानं ठरवता येतं, मत बदलता येतं. घरात कुणी दुखावत नाही. हीच सवय घेऊन ते परत आपल्या इतिहासाकडे येतं, हे मी सोप्यात बसून पाहिलेलं आहे.

इंग्रजीत अशी पुस्तकं पूर्वीपासून आहेत. एलॉइस जार्व्हिस मॅकग्रॉ या अमेरिकन लेखिकेची 'द गोल्डन गॉब्लेट' १९६१ची. सोनाराच्या हाताखालचा रानोफर नावाचा पोरगा, आणि त्याला लागलेला थडगी फोडणाऱ्यांचा सुगावा. मी ती मुलांना मराठीत तोंडी सांगते, सहा बैठका पुरते. तिचीच १९५३ची 'मारा, डॉटर ऑफ द नाईल' त्याहून थरारक आहे, पण तिथं मी थांबून बोलते. त्या कादंबरीत राणी हतशेपसुत ही सिंहासन बळकावलेली जुलमी बाई आहे आणि थुतमोस तिसरा हक्काचा राजा. त्या काळात अनेक विद्वान तसंच मांडत होते. पुढे लक्षात आलं की तिची नावं खोडली गेली आणि मूर्ती फोडल्या गेल्या, ते तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, थुतमोसच्या कारकिर्दीच्या अखेरीला. सूडानं पेटलेला माणूस इतकी वर्षं थांबेल का? सुमारे २० वर्षं राज्य केलेल्या, दैर अल-बहारीचं ते देखणं मंदिर उभारणाऱ्या बाईकडे आज वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. हे मुलांना सांगितलं म्हणून त्यांची मजा गेली नाही. उलट एकीनं विचारलं, "मग आत्ता जे बरोबर आहे तेही बदलेल?" बदलेल, बाळा.

म्हणून पुस्तकाच्या शेवटी दोन पानं हवीतच: यातलं खरं काय, कल्पिलेलं काय. दोन वर्षांपूर्वी एक हस्तलिखित माझ्याकडे वाचायला आलं होतं. त्यात तुतनखामेनच्या बाजारात सोन्याची नाणी खुळखुळत होती, रस्त्यातून उंट जात होते आणि समोर पिरॅमिड बांधायचं काम चालू होतं, चाबकाखाली. तेव्हा नाणी नव्हती. किंमत देबेन या वजनात, सुमारे ९१ ग्रॅम तांब्याच्या हिशेबात सांगत. उंट सर्रास दिसू लागले ते कित्येक शतकांनी. गिझाचा मोठा पिरॅमिड तुतनखामेनच्या जन्माआधी बाराशे वर्षं उभा होता. शिवाजी महाराज आपल्यापासून साडेतीनशे वर्षांवर आहेत, यावरून अंतर समजावं. आणि चाबकाचं म्हणाल, तर पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची वस्ती, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या आणि त्यांची स्वतःची थडगी गिझाला सापडली आहेत. लेखकाला मी हे सगळं लिहून कळवलं. "मुलांना काय कळतंय" असं उत्तर आलं. मला ते फार लागलं. मुलाच्या मनात पहिलं चित्र जे बसतं ते पन्नाशीतही पुसत नाही.

मोठ्यांसाठी मीना प्रभूंचं 'इजिप्तायन' आहे. बारा-तेरा वर्षांच्या वाचकासाठी कुणीतरी बसायला हवं. सामान तयार आहे. दैर अल-मदीनाचीच नौनाख्त नावाची म्हातारी घ्या. आठ मुलं वाढवली, आणि म्हातारपणी ज्यांनी विचारलं नाही त्यांना आपल्या मालमत्तेतला वाटा देणार नाही, असं तिनं गावच्या पंचांसमोर लिहून ठेवलं. ज्या मुलानं सांभाळलं त्याला वर काशाचं एक भांडं. तिचा एखादा नातू त्या दिवशी दाराआड उभा असेल, तर पहिलं प्रकरण झालंच.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही फरशीवाल्याकडून शहाबादीचे तुकडे आणले. मुलांनी खडूऐवजी स्केचपेन घेतली आणि वर्षभरातल्या आपापल्या शाळेच्या दांड्या लिहून काढल्या, तारीख काळ्यात, कारण लाल रंगात. डोळे आले. मामाचं लग्न. आजीला दवाखान्यात नेलं. एका मुलीच्या तुकड्यावर सहा तारखा होत्या आणि सहाहींच्या डोक्यावर एकच कारण: पाणी आलं होतं.