वारंटला भिऊन डोंगर चढू नका!



सरकारने सातपुड्यात रेघ ओढली. अलीकडे यावल-रावेर, पलीकडे बऱ्हाणपूर-खरगोन. आपल्या सोयरिकी काही रेघ पाहून होत नाहीत. पावरा-बारेला दोन्हीकडे एकच. पोरगा मामाच्या गावी जातो, तिथं वनखातं लाकडाची केस टाकतं. समन्स हिंदीत येतो, तारखा चुकतात, कोर्ट वारंट काढतं. मग पोरगा डोंगर चढतो आणि बाप बकऱ्या विकून दलालाला पैसे देतो. दलाल म्हणतो, "मिटवून टाकतो."

खोटं आहे! वारंट मिटवणं दलालाच्या हातात नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ सांगतं: ज्या कोर्टाने वारंट काढलं तेच ते रद्द करतं, नाहीतर बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं. दहा वर्षं लपलात तरी मरत नाही. उलट कलम ८४-८५ खाली फरार ठरवून घरदार, गुरंढोरं जप्त करता येतात.

काही साथी म्हणतात, परक्या राज्याचं कोर्ट आपण का मानायचं? अरे, २००६ चा वनहक्क कायदा आपण दोन्हीकडे मागतो. हक्क मागताना देश एक, तारखेला मात्र परका, असं कसं चालेल?

पण पोलिसांनाही कायदा आहे. आपला दावा तपासायला सरकारला पाड्याची वाट सापडत नाही, वारंट घेऊन मात्र जीप रात्री बरोबर पोचते. तेव्हा घाबरू नका, विचारा. वारंट दाखवा (कलम ७७). कोर्टाचा शिक्का, सही, केस नंबर, बापाचं नाव बघा. एका नावाचे चार जण असतात. अटकेच्या कागदावर घरच्याची नाहीतर गावातल्या माणसाची सही हवी, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच सांगितलंय. कोर्ट ३० किलोमीटरच्या आत नसेल तर सरळ सीमेपार नेता येत नाही. आधी इथल्या मॅजिस्ट्रेटपुढे किंवा जिल्हा पोलीसप्रमुखापुढे उभं करावं लागतं (कलम ८२). गुन्हा जामिनाचा असेल तर जामीन इथंच. बिनजामिनाचा असला तरी आपल्या जिल्ह्याचं सेशन कोर्ट जामीन देऊ शकतं (कलम ८३).

फैजपुरात १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, खंड-सारा कमी करा असा कार्यक्रम ठरला. त्याच फैजपुरात आज प्रांत ऑफिस आहे. प्रांतही मॅजिस्ट्रेटच. तिथं हक्काने जाऊन उभे राहा!

आणि सगळ्यात चांगलं म्हणजे जीपची वाट न बघता आपणच जायचं. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, कमाई कितीही असो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्या. वारंट रद्द करायचा अर्ज वकिलाने त्या कोर्टात टाकायचा. कोर्ट आत टाकूही शकतं, म्हणून जामीनदार आधीच तयार ठेवा. पलीकडच्या सोयऱ्याला सांगा, जमिनीची ऋणपुस्तिका घेऊन ये. वनदाव्याची पोचपावतीही सोबत घ्या.

ज्याच्या घरी वारंट आहे त्याने लाजू नये. गावसभेत कागद ठेवा, तारीख सगळ्यांनी लिहून घ्या. तारखेला एकट्याने जायचं नाही, गावाने जायचं!

आदिवासी एकता जिंदाबाद!