चाल केव्हां होईल?

आश्विनांतल्या एका संध्याकाळीं मीं योगेश्वरीवर पांच कडव्यांचें एक पद रचिलें. दिवेलागणीस लिहावयास बसलों तो पानें वाढण्यापूर्वींच मोकळा झालों. मार्गशीर्षांत आमच्या आंबेजोगाईस देवीचा उत्सव असतो. तोंवर चाल बसून घरांतल्या मुलींस पद पाठ होईल, या हिशेबानें तो कागद धाकट्या सूनबाईंच्या स्वाधीन केला. त्यांचें गाण्याचें रीतसर शिक्षण झालेलें आहे, आणि सर्वांचीं जेवणें उरकल्यावर त्या पेटी घेऊन बसतात. दिवाळी झाली, तुळशीचें लग्न झालें. "चाल केव्हां होईल?" असें मीं दोनदां विचारिलें. तिसऱ्या वेळीं माझा आवाज चढला. "मामंजी, अजून सांपडली नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या आणि ताटें उचलूं लागल्या.

कॉलेजांत शिकणारा नातू माझ्या मदतीस धांवून आला. हॅन्डेल नांवाच्या संगीतकारानें 'मसाया' ही आपली प्रचंड कृति 1741 सालीं अवघ्या 24 दिवसांत लिहून काढिली, असें त्यानें भर पंक्तींत सांगितलें. दोन-अडीच तास चालणारें संगीत चोवीस दिवसांत होतें, आणि पांच कडव्यांस दोन महिने! मीं विजयी मुद्रेनें स्वयंपाकघराकडे पाहिलें. पण मुलगा प्रामाणिक. दुसऱ्या दिवशीं त्यानेंच आणखी वाचून येऊन सांगितलें कीं, त्यांतील कांहीं समूहगीतांचें स्वरसाहित्य हॅन्डेलनें त्याच उन्हाळ्यांत रचलेल्या इटालियन युगुलगीतांतून उचललें होतें. शिवाय ब्राम्स म्हणून दुसरा एक होता. त्यानें आपल्या पहिल्या सिम्फनीचा पहिला भाग 1862 सालीं स्नेह्यांस दाखविला, आणि ती पुरी होऊन लोकांच्या कानीं पडली 1876 सालीं. हें मला आधीं सांगितलें असतें तर बरें झालें असतें.

आपल्याकडे त्वरेचें उदाहरण म्हणजे गीतरामायण. 1955 च्या रामनवमीस पुणें आकाशवाणीवरून पहिलें गीत गेलें, आणि पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन्न गीतें झालीं. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें बावन्नांचीं छप्पन्न झालीं, म्हणजे पंचांगानेंही कवीस व संगीतकारास सवड दिली नाहीं. शुक्रवारची सकाळ कोणासाठीं थांबत नसे. पहिल्याच गीताचा कागद सुधीर फडके यांजकडून हरवला, आणि माडगूळकरांस खोलींत कोंडून तें पुन्हां लिहवून घ्यावें लागलें, अशी गोष्ट सांगतात. पण फडके त्यापूर्वीं नऊदहा वर्षें चित्रपटांस चाली देत आले होते. त्या वर्षांचा हिशेब आठवड्याच्या खात्यांत कोणी धरीत नाहीं.

अण्णासाहेब किर्लोस्कर तर याहून घाईंत. 'शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें तें पहिल्या चारच अंकांचें; दोन वर्षांनीं 'सौभद्र' आलें तें तीन अंकांचें. उरलेले अंक मागाहून. मात्र अण्णासाहेबांस बहुतेक चाली तयार मिळाल्या होत्या. साकी, दिंडी, लावणी, कानडी पदें यांच्या सांच्यांत त्यांनीं आपले शब्द ओतले, आणि ते इतके चपखल बसले कीं पुढें लोक मूळचीं गाणीं विसरले.

इतकें होऊनही मला माझ्या बाजूचा आधार हवाच होता. म्हणून संगीतरत्नाकर काढिला. हा ग्रंथ तेराव्या शतकांत देवगिरीस, यादव सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें लिहिला. आमच्या गांवीं ज्या खोलेश्वराचें देऊळ आहे तो याच सिंघणाचा सेनापति. तेव्हां ग्रंथकार जवळजवळ घरचाच. शब्दांस तो 'मातु' म्हणतो, सुरावटीस 'धातु', आणि दोन्ही करणाऱ्यास 'वाग्गेयकार'. उत्तम वाग्गेयकाराच्या गुणांची लांबलचक यादी त्यानें दिली आहे. तींत 'द्रुतगीतविनिर्माण', म्हणजे झटपट गीत रचण्याची शक्ति, हा गुण स्पष्ट सांगितलेला आहे. मीं तेथें खूण घालून सूनबाईंस हांक मारणार होतों. पण शिक्षकाची खोड म्हणून मागचा श्लोकही पाहिला. दुसऱ्याचें उष्टें न घेण्याचा आग्रह आणि नव्या धातूची निर्मिति, हे गुण तेथें बसले होते. थोडें पुढें गेलों तो आणखी एक नांव भेटलें. दुसऱ्याच्या धातूवर आपले शब्द बसविणाऱ्यास शार्ङ्गदेव 'कुट्टिकार' म्हणतो.

मीं चाळीस वर्षांत किती मंगलाष्टकें रचिलीं त्याची गणती नाहीं. मुलगी पाहून गेले कीं शार्दूलविक्रीडित तयार. एका रात्रींत पांच-पांच श्लोक केलेले आहेत, आणि त्याचा मला अभिमानही होता. योगेश्वरीचें पद तरी वेगळें कोठें होतें! लिहितांना लहानपणापासून ऐकलेल्या एका आरतीची चाल मनांत घोळत होती, हें मला त्या क्षणीं आठवलें.

पुस्तक मिटून मीं आंत गेलों. सूनबाई भाजी निवडीत होत्या. "सूनबाई, माझें पद वाचतांना कांहीं ऐकूं येतें का?" त्या किंचित् संकोचल्या. "मामंजी, तुमचा कागद उघडला कीं ती जुनी आरतीच कानांत वाजूं लागते. एक महिना तर ती विसरण्यांतच गेला. आतां धृपद झालें आहे. पण दुसऱ्या कडव्यांत सूर जेथें थांबूं पाहतो तेथें तुमचा शब्द ऱ्हस्वांत संपतो. थांबायला जागाच नाहीं. आपणांस कसें सांगावें, म्हणून राहिलें."

यंदाच्या उत्सवांत मुलींनीं जुनीच पदें म्हटलीं. दुसऱ्या कडव्यासाठीं मी दीर्घ आकारांत संपणारा, त्याच अर्थाचा, चार मात्रांचा शब्द शोधीत आहें. आज अकरावा दिवस. काल रात्रीं एक सुचला होता. सूनबाईंनीं पेटीवर म्हणून पाहिला, आणि कांहीं न बोलतां भाता मिटला.