गोधडीचा दोरा घेताना



दिवाळी उरकली की आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. नंदुरबारच्या बाजूला लाल मिरचीच्या पथाऱ्या पडतात, आणि वर तोरणमाळ-धडगावकडे रात्री हुडहुडी भरू लागते. हेच दिवस पेटीतली जुनी लुगडी-धोतरे काढून गोधडी शिवायचे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असेल, तर बाळाची लहान गोधडीही हवीच. कापड घरचेच असते. विकत आणायचा तो फक्त दोरा, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

माझीच चूक सांगते. आई गेल्यावर तिच्या दोन सुती लुगड्यांची मी गोधडी शिवली. जन्मभर टिकावी म्हणून मुद्दाम न तुटणारा पॉलिएस्टरचा दोरा आणला. दोन वर्षांत टाक्याटाक्याशी कापड फाटू लागले. दोरा मात्र नवा कोरा! तेव्हा उमगले, की फार बळकट दोरा जुन्या मऊ कापडाला करवतीसारखा कापतो. दोरा कापडापेक्षा थोडा कमजोरच हवा. ओढ बसली तर दोरा तुटावा. टाका पुन्हा घालता येतो, पण आईचे लुगडे पुन्हा कुठून आणायचे?

म्हणून सुती कापडाला सुतीच दोरा घ्या. सूत ओले झाले की उलट जास्त बळकट होते, त्यामुळे ते नदीवरची धुणी सोसते. चमकणारा रेयॉनचा दोरा दिसायला छान, पण ओला झाला की कमजोर पडतो. तो गोधडीला नको.

दोरा सुतीच आहे ना, हे घरी पाहता येते. वीतभर तुकडा चिमट्यात धरून विस्तवाशी न्या. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बाळाच्या टोपड्यासाठी लोकर घ्याल तेव्हाही हेच करा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ॲक्रिलिकचा मणी होतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. ठिणगी पडली तर वितळलेला धागा अंगाला चिकटतो, हे विसरू नका. सूतही पेट घेतेच, तेव्हा अंथरूण-पांघरूण शेगडीपासून लांबच ठेवा.

रिळावरचा आकडाही वाचावा. सुताचा नंबर जितका मोठा, तितके ते बारीक. चाळीस नंबरापेक्षा वीस नंबरचे सूत जाड. चार-पाच थरांच्या गोधडीला जाड, तीन पदरी, चांगला पीळ असलेला दोरा बरा. टोक उलगडून पदर मोजा. बोटांनी चोळताच पदर सुटे झाले तर तो दोरा ठेवून द्या.

लाल, निळा, काळा दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग लागला तर घेऊ नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असे म्हणतात, पण तयार दोऱ्याच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. सुती दोरा पहिल्या धुण्याला आटतो, म्हणून लडी आधी भिजवून सावलीत वाळवून घ्या.

दोरा किती लागेल? एक हात लांब, एक हात रुंद एवढा भाग आधी शिवा आणि लागलेला दोरा मोजा. गोधडी चार हात लांब व तीन हात रुंद असेल तर त्याच्या बारापट, वर थोडा जास्त. सारा दोरा एकदम घ्या, कारण मागून आणलेल्या रिळाचा रंग क्वचितच जुळतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जाल, तर जुना तुकडा जवळ ठेवा.

शिवताना हातभरच दोरा ओवा. लांब दोरा घेतला की गुंता होतो आणि कापडातून पुन्हापुन्हा ओढून तो झिजतो.

आईच्या गोधडीचे सारे टाके मी उसवले. फाटक्या जागी ठिगळे लावून ती सुती दोऱ्याने पुन्हा शिवली. आता दोरा इथेतिथे तुटतो. सुई घेऊन बसते, चार टाके घालते. लुगडे मात्र शाबूत आहे.