मोर की ऐरावत? विजेवरच्या मोटारीचे पर्याय निवडताना

तामिळनाडूतील कुंभकोणमपासून अगदी जवळ, कावेरीच्या परिसरात, स्वामीमलै हे क्षेत्र आहे. मुरुगन म्हणजेच कार्तिकेयाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. प्रणवाचा अर्थ पुत्राने पित्याला, साक्षात शंकराला, येथे समजावून दिला आणि म्हणून तो ‘स्वामीनाथ’ झाला, अशी कथा आहे. साठ संवत्सरांच्या नावांच्या साठ पायऱ्या चढून गाभाऱ्यासमोर गेले की महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूला एक गोष्ट चटकन जाणवते. अन्यत्र कार्तिकेयापुढे मोर असतो. येथे हत्ती उभा आहे. इंद्राने आपला ऐरावत या स्वामीला अर्पण केला, अशी श्रद्धा आहे. वाहनाच्या बाबतीत देवालाही स्थळकाळानुसार पर्याय असतो, असे म्हणायला हरकत नाही.

असाच पर्याय आज आपल्या अनेक ग्राहकांसमोर उभा आहे. पेट्रोल की वीज, हा प्रश्न एव्हाना पुष्कळ घरांत सुटलेला असतो. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: विजेवरची एसयूव्ही घ्यायची ठरल्यावर कोणत्या बॅटरीची घ्यायची, कोणता चार्जर, कोणती श्रेणी? या निवडीत दोन-चार लाखांचा फरक सहज पडतो आणि तो बहुधा कर्जाच्या रकमेत मिसळून जातो. मोटार निवडताना माणूस सहा महिने विचार करतो. पर्याय मात्र शोरूममधल्या सहा मिनिटांत निवडतो. या उलट्या क्रमाविषयीच प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

चाकणची गाडी, चेन्नईचा आराखडा

हा विषय मराठी आणि तमिळ या दोन्ही मुलखांचा आहे. टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती पुण्याजवळच्या रांजणगावातून. तिची पहिली बॅटरी ३०.२ किलोवॉट-अवर क्षमतेची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. पर्याय जवळजवळ नव्हतेच. पुढे २०२२ मध्ये ४०.५ आणि २०२४ मध्ये ४५ किलोवॉट-अवरची बॅटरी आली. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन मोटारींचे नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईत अनावरण झाले. त्यांचे संशोधन चेन्नईजवळच्या केंद्रात झाले आणि उत्पादन चाकणला होते. त्यांत ५९ आणि ७९ किलोवॉट-अवर अशा दोन बॅटऱ्या व त्यावर निरनिराळ्या श्रेणी होत्या. घरचा चार्जर वेगळा घ्यावा लागे. अवघ्या पाच वर्षांत एकाच पानाची किंमतसूची लग्नाच्या याद्यांसारखी लांबली.

चाचणीची फेरी

कुंभकोणममधील वास्तव्यात एका स्नेह्यांच्या कुटुंबासोबत अशा एका मोटारीची चाचणी घेण्याचा योग आला. घराणे तंजावरच्या मराठ्यांच्या काळात तिकडे गेलेले. घरात आजही मराठी बोलली जाते. व्यवसाय पितळी समया आणि पूजेच्या भांड्यांचा. बँकेच्या पत्रिकेतील लेख जाहिरात ठरू नये, म्हणून मोटारीचे नाव देत नाही. बॅटरी सुमारे ४५ किलोवॉट-अवरची होती, एवढे पुरे.

शोरूमच्या दारातून निघून पुढच्या चौकातून परत येणे म्हणजे चाचणी नव्हे. स्नेह्यांच्या अभियंता कन्येने आग्रह धरून दोन तास मोटार मागून घेतली आणि चौघांनी मिळून ४१ किलोमीटरचा फेरा केला: कुंभकोणमच्या गर्दीतून स्वामीमलै, तेथील मूर्तिकारांच्या अरुंद गल्ल्या आणि मग तंजावरकडे जाणारा रुंद रस्ता.

पहिला अनुभव शांततेचा. ती आतल्यांना सुखद असते, पण देवळाच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला मागून गाडी आल्याचे कळत नाही. चालकाने अधिक सावध राहावे लागते. दुसरा अनुभव ओढीचा. पायाखाली पट्टी दाबताच गाडी विनाविलंब झेपावते. पन्नाशी उलटलेल्या चालकाने पहिले काही दिवस सौम्य चालन-पद्धतीच वापरावी, हे उत्तम. तिसरा अनुभव नव्या सवयीचा. पाय उचलला की मोटर उलट जनित्राचे काम करते, वेग कमी होतो आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. गर्दीत ब्रेकवर पाय नेण्याची गरज निम्मी होते. मात्र ही पकड जास्त ठेवली तर मागे बसलेल्यांना हिसके बसतात.

मागच्या आसनावर स्नेह्यांच्या मातुःश्री होत्या. बॅटरी तळाशी असल्याने काही मोटारींत मागची जमीन उंच होते, गुडघे वर येतात आणि मांडीला आधार कमी मिळतो. पुढे बसणाऱ्याला हे कधीच कळत नाही. अर्ध्या तासाने आजींनी कुरकुर केली आणि माहितीपत्रकात नसलेली एक गोष्ट सर्वांना समजली. घरातील ज्येष्ठांना चाचणीला नेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

फेरी संपली तेव्हा बॅटरी चौदा टक्क्यांनी उतरली होती. म्हणजे सुमारे ६.३ युनिट विजेत ४१ किलोमीटर. युनिटमागे साडेसहा किलोमीटर. वातानुकूलन सतत चालू, माणसे चार आणि अर्धा रस्ता गर्दीचा. या हिशेबाने पूर्ण बॅटरीत २९० किलोमीटर जाता येईल. जाहिरातीतला आकडा याहून बराच मोठा होता. त्यात फसवणूक नाही. प्रमाणित पल्ला ठरावीक चाचणीक्रमात मोजला जातो आणि आपला रस्ता, ऊन, वेग त्या क्रमात बसत नाहीत. ग्राहकाने प्रमाणित आकड्याच्या दोन-तृतीयांश धरून चालावे, म्हणजे निराशा होत नाही.

माडाच्या पातीचे माप

स्वामीमलैचे स्थपती मेण घालवून ओतकाम करण्याच्या पद्धतीने पंचधातूच्या मूर्ती घडवतात. दिल्लीच्या भारत मंडपमसमोर २०२३ मध्ये उभारलेली २७ फुटी नटराजमूर्ती येथील राधाकृष्णन स्थपतींनी याच पद्धतीने घडवली. मूर्ती केवढीही असो, आरंभ माडाच्या पातीपासून होतो. मूर्तीच्या उंचीएवढी पात घेऊन तिच्या घड्या घालतात. त्या घड्यांनी प्रत्येक अवयवाचे प्रमाण ठरते. हाताशी मेण अधिक आहे म्हणून हात लांब करता येत नाही. मेणावर मातीचे लेप चढवून साचा तापवला की मेण वितळून जाते, त्या पोकळीत धातू ओततात आणि मग साचा फोडतात. चूक सुधारायची तर ती मेणातच.

मोटारीच्या पर्यायांनाही हे दोन नियम लावावेत. पहिला, माप आपल्या गरजेचे असावे. दुसरा, जे नंतर बदलता येत नाही त्याचा विचार आधी करावा. बॅटरीची क्षमता, एअरबॅगांची संख्या, चालकसाहाय्य यंत्रणा या गोष्टी गाडी घरी आल्यावर बदलत नाहीत. आसनांची आवरणे, ध्वनियंत्रणा, पायपुसणी बाजारात केव्हाही मिळतात. पुष्कळ ग्राहक नेमके उलटे करतात. काचेच्या छतावर भाळतात आणि सुरक्षेच्या श्रेणीत काटकसर करतात.

बॅटरी बदलता येत नाही, तर मग सर्वांत मोठीच का घेऊ नये? स्नेह्यांचाही हाच युक्तिवाद होता. त्यांना ऐरावत हवा होता. कन्येने त्यांच्यापुढे दुकानाच्या जुन्या गाडीची वही ठेवली. वर्षभरातील बहुतेक दिवस तीस ते चाळीस किलोमीटरचे. तंजावरचे फेरे अधूनमधून. सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या चेन्नईला महिन्यातून एकदा. त्या एका दिवसासाठी मोठ्या बॅटरीच्या श्रेणीचे अडीच लाख जादा मोजायचे होते. वाटेत जेवणासाठी तसेही थांबावे लागते. त्याच वेळी जलद चार्जरवर गाडी लावली की प्रश्न मिटतो. शिवाय त्याच वर्षी तिच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उभा राहणार होता, आणि समयांचा धंदा सणांच्या हंगामावर चालणारा. हप्ता मात्र बारा महिने सारखा असतो. पित्याने मुकाट्याने ऐकून घेतले. स्वामीमलैच्या परिसरात हे परंपरेला धरूनच झाले म्हणायचे. अखेर मधली बॅटरी, सुरक्षेची पूर्ण श्रेणी, हवेशीर आसने आणि साधा चार्जर असा निर्णय झाला. काचेचे छत आणि मोठा पडदा गळाला. हवेशीर आसने चैनीची वाटतील. पण कावेरीकाठच्या उन्हाळ्यात त्यांच्यामुळे वातानुकूलन थोडे कमी ठेवता येते.

हा निर्णय सर्वांना लागू नाही. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर फिरणारा वैद्यकीय व्यावसायिक किंवा विक्री प्रतिनिधी, तसेच ज्याच्या नेहमीच्या मार्गावर जलद चार्जर नाहीत असा ग्राहक, याने मोठी बॅटरी घ्यावी. त्याच्यासाठी ती चैन नव्हे, साधन आहे. मोर आणि ऐरावत यांत श्रेष्ठ-कनिष्ठ कोणी नाही. पाहायचे ते अंतर आणि ओझे.

चार्जरबाबतही हाच विवेक हवा. घरातील १५ अँपियरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटने रात्रभरात, दहा तास धरले तर, सुमारे तीस युनिट वीज भरते. वरील हिशेबाने हा जवळपास १९० किलोमीटरचा प्रवास झाला. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला याहून वेगवान चार्जर कशासाठी? २०२२ मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्सला ७.२ किलोवॉटचा चार्जर ५० हजार रुपये अधिक देऊन मिळत असे. महिंद्राने आरंभी ७.२ किलोवॉटसाठी ५० हजार आणि ११.२ किलोवॉटसाठी ७५ हजार रुपये दर सांगितला. दुसऱ्याला तीन फेजची जोडणी लागते. त्याऐवजी घरच्या वायरिंगची आणि अर्थिंगची तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली, तर थोड्या पैशांत मोठी निश्चिंती मिळते.

व्याजासह पर्याय

आता बँकेच्या बाजूने थोडे. कर्जाने घेतलेला प्रत्येक पर्याय व्याजासह घ्यावा लागतो. उदाहरणादाखल ९ टक्के दर आणि सात वर्षांची मुदत धरू. एक लाखाचा हप्ता सुमारे १,६०९ रुपये होतो आणि एकूण परतफेड १ लाख ३५ हजारांच्या घरात जाते. अडीच लाखांच्या जादा पर्यायांचा हप्ता सुमारे ४,०२२ रुपये. सात वर्षांत ३ लाख ३८ हजार रुपये.

उलट, विजेवरच्या वाहनांसाठी काही बँकांच्या कर्जयोजनांत व्याजदरात थोडी सवलत असते. ती ०.२० टक्के धरली, तर पंधरा लाखांच्या कर्जावर महिन्याला साधारण दीडशे रुपये वाचतात. दीडशे रुपयांच्या सवलतीसाठी ग्राहक तीन बँकांचे उंबरठे झिजवतो आणि चार हजारांचा हप्ता विक्रेत्याच्या एका वाक्यावर मान्य करतो, हा विरोधाभास आपल्या शाखांमध्ये नेहमी दिसतो.

बचतीचा हिशेबही डोळसपणे करावा. घरच्या विजेचा दर युनिटला ८ रुपये धरला, तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आसपास खर्च येतो. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि लिटरला १३ किलोमीटर धरल्यास हाच खर्च पावणेआठ रुपये होतो. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत सुमारे साडेसहा हजार रुपये वाचतील. यातील चार हजार अनावश्यक पर्यायांच्या हप्त्यात गेले, तर विजेची गाडी घेण्याचा आर्थिक लाभ उरला किती? सार्वजनिक जलद चार्जरवरची वीज घरच्यापेक्षा महाग पडते, हेही ध्यानात ठेवावे.

करांविषयी दोन गोष्टी. आयकर कायद्याच्या कलम ८०ईईबी खालील दीड लाखांपर्यंतची व्याजवजावट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. नव्या कर्जाला ती मिळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील दर २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे तुलना जुन्या किमतींवरून करू नये.

हमीची अटही वाचावी. काही कंपन्या बॅटरीवर आजीवन हमी देतात, पण ती पहिल्या नोंदणीकृत खाजगी मालकापुरती असते. गाडी विकल्यावर वर्षांची वा किलोमीटरची मर्यादा येते. पुनर्विक्रीचे मूल्य यावर अवलंबून राहणार असल्याने ही बाब ग्राहकाइतकीच बँकेच्याही हिताची आहे.

शाखेतील सहकाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. वाहनकर्जाचा अर्ज घेताना उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर दोन साधे प्रश्न विचारावेत: आपण रोज किती किलोमीटर जाता आणि रात्री गाडी कुठे लावता? सोसायटीत राहणाऱ्याने चार्जिंगची व्यवस्था आधी निश्चित करावी, मगच नोंदणीची रक्कम भरावी. या दोन उत्तरांतून योग्य बॅटरी, योग्य चार्जर आणि योग्य कर्जरक्कम बहुधा आपोआप ठरते. कर्जाची रक्कम थोडी घटली तरी हरकत नाही. वेळेवर हप्ता भरणारा समाधानी ग्राहक शाखेला अधिक मोलाचा.

आणि ग्राहकांनी चाचणीला जाण्यापूर्वी महिनाभर आपल्या प्रवासाची नोंद ठेवावी. एक साधी वही पुरते. शोरूममध्ये जाताना ती सोबत न्यावी, आणि किंमतसूची समोर आली की आधी आपली वही उघडावी.